विचारायला येईल त्याच्यासाठी ठेवलेलं पुस्तक

१९८९च्या जून महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, शकुंतला वाव्हळे नावाची तेवीस वर्षांची मुलगी परभणीतल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत आली. तिनं मला एक प्रश्न विचारला. मी खोटं उत्तर दिलं. दोन दिवस आधी, रविवारी, तोच प्रश्न माझ्या बहिणीनं तिच्या मुलासाठी विचारला होता. त्या भाच्याला मी खरं उत्तर दिलं होतं.

घटना एवढीच आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही — बायकोला नाही, बरोबर काम केलेल्यांना नाही, भाच्याला तर नाहीच. तेहतीस वर्षं बातम्या लिहिल्या. कोण, काय, कुठं, केव्हा — हे चार प्रश्न सोडवायला मला कधी वेळ लागला नाही. पाचवा प्रश्न 'का' हा असतो. तो मी इथं शेवटपर्यंत टाळीन की काय, अशी मला भीती वाटते. टाळला तर तुम्हाला कळेल. तुम्ही मित्रासारखे ऐकताय असं धरून चालतो.

आता सांगायचं कारण असं, की गेल्या महिन्यात त्याच भाच्याच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. तिला वेबसाइटच्या मागचं काम शिकायचं आहे. पडद्यावर दिसतं ते नव्हे, सर्व्हरवर चालतं ते. बाजारात नवशिक्यांसाठी तीन पुस्तकं आहेत, पहिलं कोणतं घेऊ, असं ती विचारत होती. मला त्यातलं काय कळणार? पण ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही पूर्वी पेपरात असं लिहायचात म्हणे. बाबांचं पहिलं पुस्तक तुम्हीच निवडलं होतं ना?"

मी फोन ठेवला. रेंज गेली असं नंतर सांगितलं. तेही खोटंच.

तर — ते सदर. मी तेव्हा उपसंपादक होतो. प्रकाशक परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन-दोन प्रती पाठवत आणि आम्ही 'साभार पोच' या मथळ्याखाली त्यांची यादी छापत असू. ज्या पुस्तकाला थोडी जास्त जागा द्यायची, त्याची प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचून आठ-दहा ओळी लिहायच्या. पुस्तक वाचायचं नाही. वाचायला वेळ कुणाला होता? सगळेच असं करत, आणि कादंबरी-कवितांच्या बाबतीत त्यानं कुणाचं बिघडलंही नाही. त्या वर्षी संगणकाची पाच पुस्तकं लागोपाठ आली. संपादक म्हणाले, तरुण मुलं विचारतात, यावर मोठं काहीतरी लिही. मी 'संगणक शिकायचा आहे? इथून सुरुवात करा' असा अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला. माझ्या नावानं छापून आलेला तो माझा पहिला मजकूर.

तोवर मी संगणक पाहिलेला नव्हता. पाच पुस्तकं टेबलावर मांडली आणि सगळ्यांत पातळ होतं ते पहिल्या क्रमांकावर टाकलं. पातळ म्हणून सोपं. मुखपृष्ठावर हसणाऱ्या मुलांचं चित्र होतं. मी लिहिलं — 'हे एकच पुस्तक नीट केले तर शिक्षकाची गरज भासणार नाही.' हे वाक्य मलपृष्ठावरून घेतलं होतं. त्याभोवती अवतरणचिन्हं टाकायची मी विसरलो.

हा माझा गुन्हा नव्हे. हा निष्काळजीपणा होता, आणि तो दुरुस्त करता येण्यासारखा होता. तेच तर सांगायचं आहे.

मजकूर छापून आल्यावर पंधरा दिवसांनी एक पाकीट आलं. पाठवणारे प्रा. रशीद. गावातल्याच एका महाविद्यालयात गणित शिकवायचे. पत्र लहान होतं. शिफारस केलेलं पुस्तक टीव्हीला जोडायच्या छोट्या यंत्रासाठी आहे, त्यातली भाषा बेसिक, लहान मुलांच्या गमतीला ते ठीक. परभणीत नव्यानं उघडलेल्या संगणक केंद्रात मोठं यंत्र आहे, तिथं कोबोल लागते. तिथं नोकरी धरू पाहणाऱ्यानं तुमचं पुस्तक केलं तर त्याची सगळी मेहनत वाया जाईल. दुरुस्ती छापावी. सोबत कोबोलचं जाड पुस्तक होतं, त्यांच्या स्वतःच्या संग्रहातलं. शेवटी लिहिलं होतं — 'ही प्रत कचेरीत ठेवा. कुणी विचारायला आलं तर दाखवा.'

मी दुरुस्ती छापली नाही. नावानं आलेल्या पहिल्याच मजकुरावर दुरुस्ती — ती संपादकांच्या टेबलावरून जावी लागली असती. उद्या बघू, म्हणालो. पत्र खणात ठेवलं, पुस्तक माझ्या मागच्या लाकडी कपाटात.

मे महिन्यात त्या केंद्राची जाहिरात आली. केंद्र आता नाही, म्हणून त्याचं नाव देत नाही. जागा दोन. वयाची अट पंचविसाच्या आत. लेखी परीक्षा, विषय 'संगणक आज्ञावलीचे प्राथमिक ज्ञान'. भाषा कोणती, याचा जाहिरातीत उल्लेख नव्हता. जाहिरात आमच्याच दैनिकात होती, तिचं प्रूफ मीच वाचलं. ते वाचताना मला खणातलं पत्र आठवलं — हे मला नक्की आठवतं. आठवलं नव्हतं असं लिहिता आलं तर किती बरं झालं असतं.

रविवारी बहिणीकडे जेवायला होतो. भाचा संजय ते पातळ पुस्तक घेऊन बसला होता. मामाचं नाव पेपरात आलं म्हणून त्यानं ते घेतलं होतं. पान वाढता वाढता बहीण त्या पुस्तकाकडे बघून म्हणाली, "एवढ्यानं भागतंय का रे? का अजून काही लागतंय?" मी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. म्हणालो, हे सोड, हे कामाचं नाही, उद्या कचेरीत ये, दुसरं देतो.

"मामा, मग पेपरात कसं काय लिहिलं?"

"पेपरातलं वेगळं असतं," मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो. सोमवारी सकाळी तो आला आणि जाड पुस्तक घेऊन गेला. कुणाला बोलू नको, असं मी त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, घरातलीच गोष्ट होती.

मंगळवार. त्या आठवड्यात नामांतराच्या मागणीसाठी मोर्चा निघाला होता आणि त्याची बातमी मीच केली होती. 'मोर्चा शांततेत पार पडला' — असं आम्ही दरवेळी लिहायचो. विद्यापीठाला नाव देण्याचा ठराव होऊन तोवर अकरा वर्षं झाली होती. नाव दिलं गेलं नव्हतं. गावोगाव घरं जळालेली होती, ती बातमीही मी लिहिली होती, दोन्ही बाजू देऊन. माझ्या बातमीत एका शब्दाचाही तोल जात नाही, असं संपादक म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

शिपायानं चिठ्ठी आणली. शकुंतला वाव्हळे, बी.एस्सी., मु. पोखर्णी. काम — पुस्तकासंबंधी. शेजारच्या टेबलावर तालुक्याच्या बातम्या पाहणारा माझा सहकारी बसायचा. त्यानं चिठ्ठी उचलून वाचली, आडनावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आधी नाव पायजे. आता मशीन बी पायजे."

मी हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो.

मग ती आत आली. हातात ते पातळ पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं — माझा मजकूर बाहेरच्या बाजूला येईल असं. दोन वह्या होत्या. मी बसा म्हणालो की नाही, हे आठवत नाही. ती उभी होती, हे आठवतं. नांदेडला मावशीकडे राहून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. गावात चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. पुस्तक तिनं दोनदा पूर्ण केलं होतं, आणि यंत्र मात्र अजून पाहिलं नव्हतं. म्हणजे — जवळून पाहिलं नव्हतं. केंद्राच्या खिडकीतून पाहून आली होती. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही.

तिनं वही उघडून दाखवली. यंत्र नाही म्हणून तिनं घरातच यंत्र केलं होतं. चार वाट्या, त्यांत चिंचोके. प्रत्येक वाटीला एक खूण. आज्ञावलीत बेरीज आली की या वाटीतून त्या वाटीत चिंचोके जायचे. खिडकीतून तिनं पाहिलं होतं की मोठं यंत्र आतल्या काचेच्या खोलीत आहे आणि बाहेर नुसते पडदे आहेत. तसंच तिनं घरात मांडलं. आई आतल्या खोलीत वाट्या घेऊन बसायची. ही बाहेरून उंबऱ्यावर चिठ्ठी सरकवायची. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठीवर ठिपके आणि बाण. आई त्याप्रमाणे चिंचोके हलवायची आणि उरलेले मोजून बाहेर ढकलायची.

"बाहेरचं नुस्तं विचारतं, सर. काम आतलं करतं," ती म्हणाली. "आई वैतागती. म्हणती, भाकऱ्या करू का तुजी मशीन होऊ."

सांगताना ती थोडी हसली. मी अर्धं पान लिहिलं होतं आणि मला हे समजलेलं नव्हतं, की पडदा म्हणजे यंत्र नव्हे. तिला काचेबाहेरून समजलं होतं.

मग तिनं प्रश्न विचारला. "सर, परीक्षेला हे एवढंच पुस्तक पुरं हाय ना? का दुसरं कोणतं करावं लागंल?"

कपाट माझ्या पाठीमागे होतं. पुस्तक आदल्या दिवशीच भाच्याकडे गेलं होतं, पण नाव मला माहीत होतं. रशीद सरांचा पत्ता माहीत होता. ते कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर राहत. एक चिठ्ठी — नुसतं भाषेचं नाव लिहिलं असतं, तरी तिनं पुढचं शोधलं असतं. जी मुलगी चिंचोक्यांचं यंत्र करते, तिला आणखी काय लागलं असतं?

मी म्हणालो, "पुरेसं आहे. पहिल्या पानापासून पुन्हा नीट करा."

तिनं 'बरं, सर' म्हटलं, पुस्तक छातीशी धरलं आणि गेली. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील.

आता 'का'. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की चूक कबूल करायची लाज वाटली. पण भाच्यासमोर नाही वाटली. मग स्वतःला सांगितलं, की जागा दोन होत्या आणि भाचा एक होता, मामा म्हणून मी स्वार्थी झालो. हे जास्त खरं आहे, पण पुरतं खरं नाही. त्या परीक्षेसाठी आणखी चार-पाच मुलं विचारायला आली. त्यांपैकी दोघांना मी रशीद सरांकडे पाठवलं. त्यांची आडनावं मला आठवतात. ती इथं लिहीत नाही, लिहिली तर तुम्हाला एका नजरेत कळेल. सहकाऱ्याचं वाक्य सहकाऱ्याचं होतं. उत्तर माझं होतं.

आणि यात एक गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. भाच्याला सांगताना मी क्षणभरही विचार केला नव्हता. तिला न सांगतानाही केला नव्हता. मनात झटापट झाली, वाईट बाजू जिंकली — असं काही झालंच नाही. झालं असतं तर ते निदान आठवलं असतं. मी पुढच्या बातमीचा मथळा करायला घेतला.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. भाचा निवडला गेला. दुसऱ्या जागी जो लागला, तो रशीद सरांकडे गेलेल्यांपैकी होता. निवडीची बातमी मीच दिली, दोन नावांची. नापास झालेल्यांना केंद्रानं गुण कळवले नाहीत, कारणही कळवलं नाही.

भाच्यानं पुस्तक परत आणून दिलं. ते पुन्हा कपाटात गेलं. त्यानंतर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर सुवाच्य होतं. 'सर, माझी निवड झाली नाही. माझी तयारी कमी पडली. केंद्राची परीक्षा पुढल्या वर्षी पुन्हा आहे, माझे वय तेव्हा अटीत बसते. हे पुस्तक पाठ झाले आहे. याच्या पुढचे कोणते घ्यावे, कृपया कळवावे.'

पुस्तक माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. उत्तराला एक ओळ पुरली असती. मी कार्ड दोनदा वाचलं आणि रशीद सरांच्या पत्राबरोबर खणात ठेवलं. पुढल्या वर्षीची परीक्षा झाली. तिचा पंचविसावा वाढदिवस होऊन गेला. मला हे तारखेनिशी ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही.

कचेरीत संगणक आला तेव्हा सगळे नारळ फोडायला जमले होते. मी बातमीची दोन वाक्यं त्यावर टाइप केली. पडदा क्षणभर कोरा राहिला आणि मग अक्षरं उमटली. त्या क्षणभरात मला आतल्या खोलीत वाट्यांपुढं बसलेली एक बाई दिसली. ती अजून दिसते. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, आता हातातल्या फोनवर — कुठंही उत्तर यायला उशीर झाला, की चिंचोके सरकल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांना कानाचं सांगितलं. कानात काही नाही म्हणाले.

जानेवारी १९९४मध्ये विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. नामांतराऐवजी नामविस्तार. गावागावांत काय वातावरण आहे, हे पाहायला आम्हाला पाठवलं. पोखर्णी माझ्या वाट्याला आलं. मी मागितलं नव्हतं. नाकारूही शकलो असतो. नरसिंहाच्या देवळापाशी उतरून वस्तीत गेलो, चार लोकांशी बोललो आणि मग वाव्हळ्यांचं घर विचारलं. का विचारलं, ते सांगता येत नाही.

आई अंगणात तूर पाखडत होती. मी पेपरचं नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमीच का ते पुस्तकावाले?" ती म्हणाली. मी होय म्हणालो. तिनं आतून पाट आणून टाकला. शकुंतला लग्न होऊन येलदरीला गेली होती. तिथं बालवाडीत शिकवत होती. दोनदा परीक्षेला बसली, दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळेला तर लय जीव तोडून केलं, आई सांगत होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडं कागदं.

मी विचारलं, काय म्हणाली ती नंतर?

"काय म्हणणार? म्हणली, आई, पुस्तक बराबर हुतं. मीच कमी पडले. म्या बी म्हणलं, माजंच चुकलं असंल. ह्या डोळ्यानं नीट दिसत न्हाई. कवा एक-दोन चिंचोके इकडचे तिकडं गेले असतील."

तिनं चहा केला. मी तो प्यायलो. सांगायचं ते सगळं वाक्य तोंडात तयार होतं. दुपारची बस आली आणि मी उठलो.

परभणीला उतरल्यावर मी घरी न जाता रशीद सरांकडे गेलो. केंद्राच्या परीक्षेचे पेपर तेच तपासत, हे मला ठाऊक होतं. वाव्हळे नावाची उमेदवार आठवते का, असं विचारलं. त्यांना आठवत होती. दोन्ही वर्षी तेच अक्षर. प्रश्न असा होता — केंद्रातल्या यंत्रावर चालेल अशी आज्ञावली लिहा. तिनं बेसिकमध्ये लिहिली होती.

"लॉजिक इतकं साफ कुणाचंच नव्हतं," ते म्हणाले. "एक चूक नव्हती. पण ते यंत्र ती भाषा घेत नाही. नियमानं शून्य द्यावं लागलं. मला वाटलं होतं, तुमच्याकडं विचारायला आली असेल तर तुम्ही सांगितलंच असेल."

मग त्यांनी विचारलं, ते पुस्तक कुणाच्या उपयोगाला आलं का.

मी म्हणालो, "एकाच्या आलं."

पोखर्णीची बातमी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर आली. गाव शांत आहे, असं तिच्यात लिहिलं आहे. त्यानंतर मी पोखर्णीला गेलो नाही. येलदरीलाही गेलो नाही.